सोळा पावलं, वर दीड

म्हादूतात्यांनी मला कधी एक सरळ आकडा सांगितला नाही. स्टेशनापासून अमुक जागा किती लांब, असं विचारलं की ते म्हणत, "दोन पानं." म्हणजे दोन पानं खाऊन होईपर्यंत माणूस तिथे पोचतो. मी एकदा घड्याळ घेऊन त्यांच्याबरोबर चाललो. वाटेत त्यांना सात माणसं भेटली. तिसरं पान तोंडात गेलं तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो. मी तसं बोलून दाखवलं. तात्या पिंक टाकून म्हणाले, "पावणं, आज माणसं जास्त भेटली. त्याला वाट काय करंल?"

मी मोजणी खात्यात कारकून. माझी सगळी उमर तेहतीस फुटांच्या साखळीमागे चालण्यात गेली. त्या साखळीचे सोळा आणे असतात आणि एका आण्याला दोन फूट पाऊण इंच पडतात. माझ्यासारख्या माणसाला तात्यांच्या संगतीत काय वाटत असेल हे सांगायला नको. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर वैतागानेच सुरुवात करावी लागते. नाहीतर खोटं लिहिल्यासारखं होईल.

आमच्या संस्थानाच्या महाराजांनी स्टेशनाजवळ नवी व्यापारी पेठ वसवायला घेतली तेव्हाची ही गोष्ट. उसाचे फड मोडून रस्ते आखले जात होते. पेठेतली सरकारी जागा अटीवर मिळे. ठरलेल्या दिवसापर्यंत चारही बाजूंनी जोतं पुरं झालं पाहिजे, नाही झालं तर जागा परत. पेठेच्या कडेला ज्यांची स्वतःची शेतं होती ते तुकडे पाडून विकत. त्यामुळे गावात एकाएकी जागा घेणारे, जागा देणारे आणि नुसतेच जागांविषयी बोलणारे फार झाले. या तिन्ही जातींचे लोक दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी एका गुळाच्या वखारीच्या ओट्यावर जमत. जमवणारे म्हादूतात्या. मूळचे कोडोलीचे, वय साठीला टेकलेलं. अंगात बंडी, डोक्याला लाल पटका. जन्मभर त्यांनी गुळाच्या गाड्या हाकल्या होत्या. स्वतःच्या मालकीची जागा वीतभरसुद्धा नाही.

ओट्यावरचे नियम तात्यांचे. आल्यावर आधी गुळाचा खडा आणि मूठभर शेंगा खायच्या, मग बोलायचं. दुसरा नियम मला सर्वांत छळणारा. आपल्या जागेचं कौतुक आपण करायचं नाही, ते दुसऱ्याने करायचं. "सवताच्या म्हशीचं दूध समदीच गोड सांगत्यात," असं त्यांचं म्हणणं. कुणाला जागा विकायची असली की तात्या दुसऱ्याच एखाद्याकडे बोट करीत, आणि त्या बिचाऱ्याला उठून त्या जागेचं गुणवर्णन करावं लागे. त्याने ती पाहिलेली असो वा नसो. माझ्या दोन गुंठ्यांचं कौतुक एका शिंप्याने पाव तास केलं. माझी जागा पूर्वाभिमुख आहे, पाणी गोड आहे, शेजार सज्जन आहे, असं तो म्हणाला. जागा पश्चिमाभिमुख होती, विहीर खणलेली नव्हती आणि शेजारी अजून कोणी आलेलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्या. ती जागा कुणी घेतली नाही. पुढे मीच तिथे घर बांधलं.

तिसरा नियम असा कुणी सांगितलेला नव्हता, पण सगळे पाळत. मोजायचं काम तात्यांच्या पावलाने. खुणेच्या दगडापासून ते चालू लागत. हात मागे बांधलेले, ओठ हलत असत. थांबले की टाचेने मातीत रेघ मारीत. झालं, तिथे कोपरा. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फूट, असा पेठेत विश्वास होता. तात्यांनी चालून झाल्यावर पुन्हा दोरी लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं, असं लोक समजत. मी एकदा साखळी काढली तेव्हा ओट्यावरच्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. तात्या मात्र हसले. "मोजणीदार, तुमची साखळी लोखंडाची हाय. उन्हात वाढती. माझं पाऊल उन्हात बी तेवढंच."

घरी येऊन मी हिशेब केला. कडक उन्हात साखळी वाढते, हे खरं. पण किती? सुतळीच्या जाडीइतकीसुद्धा नाही. पुढच्या गुरुवारी मी हे सांगायला गेलो, तर तात्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तोंडात गूळ असताना बोलायचं नाही, हाही एक नियम होता म्हणे. तो त्याच दिवशी निघाला असावा.

उचगावच्या केरबाची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. केरबा म्हणजे मोठा शेतकरी. आवाज असा की त्याचं कुजबुजणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाई. त्याने पेठेच्या कडेची एक जागा या ओट्यावरच विकली. जागेत कडुलिंबाचं झाड होतं, म्हणून तात्या तिला "लिंबाची जागा" म्हणत. घेणाऱ्याने चौकटींसाठी झाड तोडलं आणि जागा पुढे विकली. तेव्हा ती "बुंध्याची जागा" झाली. तिसऱ्याने विकायला काढली तेव्हा शेजारी विहीर झाली होती, म्हणून ती "विहिरीच्या वाटंवरची जागा". दरवेळी कौतुक नवा माणूस करी आणि दरवेळी भाव चढे. दहा महिन्यांनी एका गुरुवारी त्या विहिरीच्या वाटेवरच्या जागेचं वर्णन ऐकून एक गिऱ्हाईक फार खूश झालं आणि त्याने तिथल्या तिथे विसाराचे पैसे दिले. ते गिऱ्हाईक म्हणजे केरबा.

दुसऱ्या दिवशी तो जागा बघायला गेला आणि आपल्या बापाने लावलेल्या लिंबाच्या बुंध्यावर जाऊन बसला. तिथून तो तडक ओट्यावर आला. मी तिथेच होतो. तो तात्यांना काय काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बरंच झालं की. जागा वळखीची निगाली."

मला वाटलं, आता केरबा पुन्हा ओट्याची पायरी चढणार नाही. पुढच्या गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन शेंगा फोडत बसला होता. मला याचा अर्थ कधी लागला नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तात्या परवा भेटले तर शेजारच्या काकूंच्या नातवाचं दुखणं त्यांनी नाव घेऊन विचारलं. तुमच्या साखळीला कोण सांगायला जातंय नातवाचं दुखणं?" साखळीचा इथे काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

एवढं मात्र मान्य केलं पाहिजे की तात्यांना माणसं पाठ होती. कुणाकडे चुन्याची घाणी आहे, कुणाची गाडी रिकामी परत जाते, कागलच्या बाजूला कुणाला वखार हवी आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दोन अनोळखी माणसांची ओळख करून दिली की दोघांच्याही खांद्यावर हात ठेवून म्हणत, "आता तुमी आन हे. मी न्हाय." आणि खरोखर बाजूला होत. त्यात ते काही घेत नसत. मी दोन वर्षं लक्ष ठेवून होतो.

याच रीतीने त्यांनी इमामभाईंना जागा मिळवून दिली. इमामभाई गवंडी. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या दगडाचं काम. जुन्या गावात एका खोलीत सात माणसं राहत. त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्मात लोकांची घरं बांधली आणि आता म्हातारपणी दिसत नव्हतं, तर ते नातवाला विचारीत, आपल्या जोत्याचा दगड काळा आहे ना? जोतं अजून कागदावर होतं. पेठेतली ती जागा मिळावी म्हणून अर्ज कसा करायचा, कुणाला भेटायचं, हे सगळं तात्यांनी बघितलं. जागा मिळाली. मुदत दसऱ्यापर्यंतची.

इमामभाईंचा दोष एकच, त्यांना नाही म्हणता येत नसे. आधी दुसऱ्यांची कामं पुरी करीत राहिले. पावसाळा संपत आला तेव्हा कुठे स्वतःच्या जागेला हात लावला. त्या बाजूला रस्ता अजून नुसता आखलेला होता. सरकारी दगड रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. तिथून चाळीस फूट सोडून अलीकडे जागांची ओळ सुरू व्हायची. चाळीस फूट म्हणजे तात्यांची सोळा पावलं. तात्या दगडापासून निघाले, सोळा पावलं चालले, टाचेने रेघ मारली. त्या रेघेवर इमामभाईंनी पुढच्या भिंतीचा पाया घेतला. काम इतकं सुरेख की ओळंब्याला केसाइतका फरक नाही.

दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. रस्त्याच्या आखणीसाठी मी साखळी घेऊन तिकडे गेलो आणि सरकारी दगडापासून मोजत आलो. छत्तीस फूट तीन इंचांवर इमामभाईंचा पाया लागला. मी परत गेलो आणि पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पुढची भिंत पावणेचार फूट रस्त्यात होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी ओट्यावर गेलो, गूळ घेतला नाही, आणि जे होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आता वाटतं, एकट्यात सांगायला हवं होतं. पण तेव्हा माझा राग दोन वर्षांचा साठलेला होता. मी म्हणालो, पानांनी अंतर मोजणारा माणूस पावलांनी लोकांची घरं मोजतो आणि तुम्ही सगळे शेंगा खात बघता.

तात्या मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "पावणं, पावनेचार फूट. गाडी जराशी वळून जाईल की. तुमी ते कागदावर घालू नका."

"तात्या, कागदावर घालायचं का नाही हे माझ्या हातात नाही. आठ दिवसांनी जोती तपासायला साहेब येणार. त्यांच्या हातात साखळी असेल आणि ती मीच धरलेली असेल."

"नुसतं एवढंच करा."

"एवढंच तर माझं काम आहे."

इमामभाई खाली उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते पुढे आले आणि तात्यांना म्हणाले, "तात्या, तुमी पाऊल टाकलं तवा मी बी हुतो. दोरी माझ्या खिशात हुती. मी लावली न्हाय. चूक माझी हाय." एवढं बोलून ते पहार आणायला गेले.

तात्या ओट्यावरून उतरले. ते कोणाशी न बोलता गेलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

घरी येऊन मी पाटी घेतली. मला चूक सापडली की ती कुठून आली हे कळल्याशिवाय जेवण जात नाही. सोळा पावलांत पंचेचाळीस इंच कमी. दर पावलाला सारखं कमी पडलं असतं तर तात्यांचं पाऊलच लहान झालं असं म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी ओट्यावरून उतरताना त्यांचं डावं पाऊल आखूड पडलेलं मी पाहिलं होतं. सोळात डावी आठ. पंचेचाळीस भागिले आठ. प्रत्येक डाव्या पावलाला साडेपाच इंचांहून किंचित जास्त.

सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. दारात त्यांच्या वहाणा होत्या. उजवीचा तळ सगळा सारखा झिजलेला. डावीचा फक्त चवडा झिजलेला, टाच जवळजवळ नवी.

मी विचारलं, पायाला काय झालं? आधी ते मला बसायला पाट शोधू लागले. मग सांगितलं. मागच्या गुऱ्हाळाच्या वेळी ते गाडीवरून पडले होते. हाड बसवणाऱ्याने बसवलं, ते वाकडं बसलं. तेव्हापासून डावी टाच टेकत नव्हती. लोकांना दिसू नये म्हणून ते हळू चालत, वाटेत माणसं थांबवून बोलत उभे राहत. मला ती सात माणसं आठवली.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? पाऊल गेलं म्हणून सांगू? मोजणीदार, मला लिवाय येत न्हाय. जागा न्हाय, जुमला न्हाय. ओट्यावर लोक येत्यात ते ह्या पावलासाठनं. ते गेलं म्हटल्यावर कोन ईल?"

मी त्यांना सांगायला हवं होतं की लोक पावलासाठी येत नाहीत. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "सोळा पावलांमागे दीड पाऊल वाढवा. तेवढं कमी पडतंय." त्यांनी वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चला."

इमामभाईंची माणसं तेव्हा केरबाच्या वखारीच्या बांधकामावर होती. पाया उपटून चार फूट मागे घ्यायला एकटे इमामभाई आणि त्यांचा भाऊ पुरणार नव्हते. तात्या सरळ केरबाकडे गेले. केरबा ऐकून म्हणाला, "माझी वखार पावसात भिजू दे व्हय? तू मला माझीच जागा इकलास, आन आता माझीच मानसं मागतूस?"

तात्या म्हणाले, "व्हय."

केरबाने बराच वेळ शिव्या दिल्या आणि माणसं सोडली. "तुज्यासाठी न्हाय. इमामसाठी," असं तीनदा सांगितलं, तेही पेठभर ऐकू जाईल अशा बेताने.

पुढचा आठवडा मी डोळ्यांनी पाहिला म्हणूनच खरं मानतो. चुना एकाने दिला, गाड्या दुसऱ्याने. खाणीकडून परत येणारी रिकामी गाडी रिकामी येईना. गुरुवारची बैठक ओट्यावर भरलीच नाही, इमामभाईंच्या जागेवर भरली. आज कौतुक नाही, असा तात्यांचा हुकूम. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी दगड उचलायचा. ज्या शिंप्याने माझ्या जागेची पूर्व-पश्चिम उलटी केली होती तो चुन्याची घमेली उचलत होता, आणि तोंड बंद होतं. त्याचं बंद तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इमामभाईंच्या आंधळ्या वडिलांना गाडीत घालून आणलं होतं. ते हाताने एकेक दगड चाचपून पाहत आणि मान हलवीत. माझ्याकडे फक्त साखळी होती. रोज सकाळी कामाच्या आधी मी सरकारी दगडापासून चाळीस फूट ओढून दाखवी. तात्या शेजारी उभे राहत. एकदाही त्यांनी पाऊल टाकलं नाही.

साहेब आले तेव्हा पुढच्या जोत्याचा शेवटचा थर बसून दोन तास झाले होते. त्यांनी चारही बाजूंनी फेरी मारली, साखळी धरायला लावली, बोटाने सांधा दाबून पाहिला. चुना ओला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुना वाळलेला असावा असं नियमात कुठेही नव्हतं. आदल्या दिवशी मी सगळी कलमं वाचून ठेवली होती. तसं सांगितलं. त्यांनी सही केली.

इमामभाई जोत्यावर चढून बसले आणि त्यांच्या वडिलांनी विचारलं, दगड काळा आहे ना? तात्या म्हणाले, "काळाभोर." त्यांनी सांगितलेली ही एक गोष्ट मला दुरुस्त करावी लागली नाही.

यानंतर तात्या सुधारले, असं कुणाला वाटलं असेल तर सांगतो, नाही. अंतरं पानांतच राहिली. माझ्या घराच्या वास्तूला त्यांनी ज्या चौदा माणसांना परस्पर जेवायला बोलावलं त्यांतली अकरा मला माहीत नव्हती. बायको म्हणाली, चांगली माणसं होती. असतील. भात कमी पडला.

पुढे त्यांचा पाय जास्त दुखू लागला आणि ते कोडोलीला मुलीकडे राहायला गेले. तिथून परत आले नाहीत. जायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पेठेतच, दुपारी, एका मोकळ्या कोपऱ्यावर. इचलकरंजीकडून आलेला कोणी नवखा विणकर जागा घेत होता. तात्या सरकारी दगडापासून निघाले. आता काठी होती, पण हात मागेच बांधलेले आणि काठी त्या हातांत आडवी, म्हणजे तिचा उपयोग काही नाही. मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो. सोळा पावलं झाली. ते थांबले, विणकराकडे वळून म्हणाले, "आन हे वरचं दीड मोजणीदारांचं, बरं का पावणं." आणि दीड पाऊल पुढे जाऊन टाचेने रेघ मारली. टाच उजवी होती. विणकराने रेघेवर दगड ठेवला. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गूळ खायला ओट्याकडे गेले. चालताना तात्यांनी वाटेतल्या आणखी एकाला हाक मारून थांबवलं.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मी सरकारी दगडापासून साखळी टाकून मोजलं. पाय आणखी आखडला असणार, कारण रेघ नऊ इंच रस्त्यात पडली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. मग विणकराचा दगड उचलला, नऊ इंच मागे नेऊन बसवला, आणि जुनी रेघ वहाणेने पुसून टाकली.